आई आणि बाळाचा जीव वाचवणं ‘स्वस्त’ आहे, असं संशोधन सांगतं. पण ते नेमकं कुणाला स्वस्त पडतं?

गर्भवती आणि नवजात बाळांच्या आरोग्यसेवेत गुंतवलेल्या प्रत्येक डॉलरमागे समाजाला ८७ डॉलरचा फायदा होतो. कोपनहेगन कन्सेन्सस या संस्थेसाठी झालेल्या अभ्यासात २०२३ मध्ये हा हिशेब मांडला गेला आणि पाहता पाहता तो जगभरातल्या वर्तमानपत्रांत आणि सोशल मीडियावर फिरू लागला. एकास ८७! शेअर बाजारात कुणी असा परतावा सांगितला, तर लोक लगेच सावध होतील. आरोग्याच्या बाबतीत मात्र आकडा जितका मोठा, तितका तो पटकन शेअर होतो.

हा आकडा खोटा नाही. पण ते ८७ डॉलर कुठल्याही तिजोरीत जमा होत नाहीत. वाचलेल्या प्रत्येक जीवाची पैशात किंमत धरायची, किती जीव वाचतील याचा अंदाज बांधायचा आणि दोन्हींचा गुणाकार खर्चाशेजारी ठेवायचा, अशी ही पद्धत आहे. जीवाची किंमत बदलली की गुणोत्तर बदलतं.

आरोग्य अर्थशास्त्राच्या अशा आकड्यांवर पुढे योजना ठरतात. गावात आशा सेविका किती वेळा येणार, उपकेंद्रात कोणतं औषध ठेवायचं, बाळंतपणासाठी दवाखान्यात जाणाऱ्या बाईला पैसे द्यायचे की त्या पैशांत भूलतज्ज्ञ नेमायचा, हे सगळं त्यात येतं. म्हणून हे आकडे कसे तयार होतात आणि त्यात काय धरलं जात नाही, हे समजून घ्यायला हवं. त्यासाठी फार लांब जायची गरज नाही. या विषयातला जगभर सांगितला जाणारा एक प्रयोग महाराष्ट्रातच झाला आहे.

गडचिरोलीत काय झालं होतं?

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. त्या भागात बहुतेक बाळंतपणं घरीच होत. दवाखाना दूर, रस्ते नाहीत, आणि बाळंतीण व बाळाला घराबाहेर न काढण्याची रीत. जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांत दर हजार बाळांमागे ६२ बाळं दगावत होती.

बाळ दवाखान्यात येत नसेल तर दवाखाना बाळाकडे न्यायचा, असं ‘सर्च’ने ठरवलं. ३९ गावांत स्थानिक स्त्रियांना प्रशिक्षण देऊन ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केलं. बाळंतपणाच्या वेळी हजर राहणं, बाळ रडलं नाही तर श्वास सुरू करायला मदत करणं, वजन आणि ताप बघणं, बाळाला उबदार ठेवणं, अंगावरचं दूध पाजायला शिकवणं, अशी कामं त्या करत. याशिवाय आणखी एक काम त्यांच्याकडे दिलं गेलं आणि त्यावर तेव्हा बराच वाद झाला. बाळाला जंतुसंसर्ग झाल्याची लक्षणं ओळखून जेंटामायसिनचं इंजेक्शनही त्याच देत असत. तुलनेसाठी ४७ गावांत नेहमीच्याच सेवा चालू राहिल्या.

निष्कर्ष डिसेंबर १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आले. तिसऱ्या वर्षी प्रयोगाच्या गावांतला नवजात मृत्युदर हजारी २५.५ वर आला होता. तुलनेच्या गावांच्या हिशेबात ही घट ६२ टक्के होती. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांमधलं मृत्यूचं प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आलं.

त्याच लेखात खर्चही दिला होता. दर बाळामागे ५.३ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सव्वादोनशे रुपयांच्या आसपास. आणि १९९७-९८ मध्ये दर १८ बाळांची काळजी घेतल्यावर एक मृत्यू टळत होता.

गुणाकार केला तर एक जीव वाचवायला साधारण ९५ डॉलर, म्हणजे तेव्हाचे चार हजार रुपये लागत होते. एवढ्या कमी पैशात एवढा मोठा परिणाम क्वचितच दिसतो. त्यामुळेच भारतासह अनेक देशांनी घरोघरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचा कार्यक्रम स्वीकारला.

‘निरोगी आयुष्याचं एक वर्ष’ मोजतात तरी कसं?

एक जीव वाचवण्याचा खर्च समजायला सोपा असतो. पण सरकारपुढे एकाच वेळी अनेक पर्याय असतात. क्षयरोगाची औषधं, डायलिसिस, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया, गर्भवतींची तपासणी. यांची तुलना करायची तर सगळ्यांना एकच माप लागतं.

ते माप १९९३ च्या जागतिक बँकेच्या जागतिक विकास अहवालातून सर्वत्र पोहोचलं. त्याला ‘डॅली’ म्हणतात. अकाली मृत्यूमुळे गमावलेली वर्षं आणि आजारपण किंवा अपंगत्वामुळे वाया गेलेली वर्षं यांची ही बेरीज. एखाद्या योजनेमुळे असं एक वर्ष वाचवायला किती पैसे लागले, यावर ती योजना किफायतशीर आहे की नाही ते ठरतं.

यात एक गोम आहे. नवजात बाळ वाचलं तर पुढची ७० वर्षं वाचली, असं कुणालाही वाटेल. अर्थतज्ज्ञ तसं धरत नाहीत. आजचा रुपया उद्याच्या रुपयापेक्षा मोलाचा, तसंच आजचं वर्षही पुढच्या वर्षापेक्षा मोलाचं मानून दरसाल साधारण ३ टक्के कापून घेतात. त्या कपातीनंतर ७० वर्षांची होतात जेमतेम २९. पंचविशीतली आई वाचली तर तिच्या पुढच्या ५० वर्षांची होतात २५ ते २६. म्हणजे आई आणि बाळ या तक्त्यात जवळपास सारख्याच वजनाचे ठरतात. आई गेल्यावर घरातल्या आधीच्या मुलांचं काय होतं, ते मात्र बहुतेक तक्त्यांत येत नाही.

याहून मोठी त्रुटी वेगळीच आहे. पोटात किंवा बाळंत होताना दगावलेलं बाळ, म्हणजे मृत जन्म, ‘डॅली’च्या प्रचलित मोजणीत धरलाच जात नाही. ज्या आईने नऊ महिने काढले तिच्यासाठी तो मृत्यूच असतो, पण या मापात तो शून्य. त्यामुळे प्रसूतीच्या वेळची चांगली सेवा जितके जीव वाचवते, त्यापेक्षा कमी वाचवते असं कागदावर दिसतं. गडचिरोलीच्या हिशेबात मृत जन्मही मोजले होते, आणि ते योग्यच होतं.

प्रयोग एका ठिकाणी चालला, म्हणून सगळीकडे चालतो?

झारखंड आणि ओडिशात ‘एकजुट’ या संस्थेने वेगळा मार्ग धरला. तिथे गावातल्या बायकांचे गट करून दर महिन्याला बैठका घेतल्या. बाळंतपणात काय अडचणी येतात आणि गाव म्हणून त्यावर काय करता येईल, हे बायकांनीच ठरवायचं. ‘लॅन्सेट’मध्ये २०१० मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार नवजात मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी झाले. खर्च आला दर जीवामागे ९१० डॉलर, म्हणजे आयुष्याच्या दर वर्षामागे ३३ डॉलर.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांतही बायकांच्या गटांचा तसाच प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि तिथे मृत्युदरात फरक दिसला नाही. मुंबईत बाळंतपणं बहुतांशी दवाखान्यातच होत होती, मृत्युदर आधीच कमी होता आणि वस्तीतल्या लोकांची ये-जा सतत चालू असते. पद्धत तीच होती, पण जागा बदलली आणि निकाल बदलला.

कारण साधं अंकगणित आहे. हजारात ६२ बाळं दगावत असताना त्यातली ६२ टक्के वाचवली, तर ३८ जीव वाचतात. म्हणजे २६ बाळांमागे एक. देशाचा नवजात मृत्युदर २०२० मध्ये हजारी २० होता. तिथे तेवढीच घट धरली, तर ८० बाळांमागे एक जीव वाचेल. महाराष्ट्राचा दर त्या वर्षी ११ होता. तिथे एका जीवासाठी १४७ बाळांपर्यंत पोहोचावं लागेल. म्हणजे तीच सेवा, तोच दर, पण दर जीवामागचा खर्च साडेपाच पट. शिवाय आता जी बाळं दगावतात, त्यात फार कमी दिवसांची आणि फार कमी वजनाची बाळं जास्त असतात. त्यांना गृहभेट पुरत नाही, जिल्हा रुग्णालयातला नवजात शिशू कक्ष लागतो. तो महाग असतो.

अर्थात राज्याची सरासरी ११ म्हणजे धारणी आणि चिखलदऱ्यात, अक्कलकुवा आणि धडगावातही ११, असं नाही. मेळघाटातल्या बालमृत्यूंवरच्या जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयात वर्षानुवर्षे चालू आहेत, त्या उगाच नाहीत.

सरकारी योजनेत नेमकं काय गळलं?

घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा कार्यक्रम केंद्र सरकारने २०११ मध्ये देशभर आशा सेविकांमार्फत सुरू केला. बाळ दवाखान्यात जन्मलं असेल तर ४२ दिवसांत सहा गृहभेटी, घरी जन्मलं असेल तर सात. सगळ्या भेटी पूर्ण झाल्यावर आशाला मिळणार २५० रुपये.

गडचिरोलीच्या आरोग्यदूतांच्या हातात इंजेक्शन होतं. आशाच्या हातात ते दिलं गेलं नाही. तिने लक्षणं ओळखायची आणि बाळाला दवाखान्यात पाठवायचं. २०१४ मध्ये काही विशिष्ट परिस्थितीत जेंटामायसिन देण्याची परवानगी मिळाली, तीही उपकेंद्राच्या नर्सबाईंना. याला कारणं होती. अर्धवट प्रशिक्षण घेतलेल्या माणसाच्या हातात प्रतिजैविकाचं इंजेक्शन देण्याची भीती डॉक्टरांना वाटत होती आणि ती पूर्ण निराधार नव्हती. पण मग ज्या प्रयोगाचा आकडा दाखवून योजना मंजूर होते, तो आकडा त्या योजनेला लागू पडतो का? पाककृतीतला एक मुख्य जिन्नस काढून पदार्थाची चव तीच येईल, असं धरण्यासारखं ते आहे.

दवाखान्यात बाळंतपणं वाढली. मृत्यू तेवढे कमी झाले का?

जननी सुरक्षा योजना एप्रिल २००५ मध्ये आली. सरकारी दवाखान्यात बाळंत होणाऱ्या बाईला रोख पैसे. ज्या राज्यांत दवाखान्यातली बाळंतपणं कमी होती, तिथे ग्रामीण भागात १,४०० रुपये. महाराष्ट्रासारख्या राज्यांत ग्रामीण भागात ७०० आणि शहरात ६००, तेही ठरावीक गटांतल्या स्त्रियांनाच.

बाळंतपणं दवाखान्याकडे वळली, यात वाद नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २००५-०६ मध्ये ३८.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली होती. २०१५-१६ मध्ये ७८.९ टक्के, २०१९-२१ मध्ये ८८.६ टक्के. दहा वर्षांत दुप्पट! याच सर्वेक्षणांत नवजात मृत्युदर ३९ वरून २९.५ आणि मग २४.९ वर आला. घट झाली, पण तेवढ्या वेगाने नाही.

आता या घटीतलं श्रेय योजनेला किती द्यायचं, यावर संशोधकांत एकमत नाही. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मधल्या अभ्यासाने सांगितलं की योजनेमुळे दर हजार जन्मांमागे साधारण दोन नवजात मृत्यू टळले. २०१५ मध्ये ‘जर्नल ऑफ हेल्थ इकॉनॉमिक्स’मधल्या अभ्यासाने वेगळ्या पद्धतीने पाहिलं आणि मृत्युदर घटल्याचा ठोस पुरावा मिळाला नाही. प्रश्न असा आहे की, दवाखान्यात जाणारी बाई आणि घरी राहणारी बाई यांच्यात आधीच फरक असतो. एकीकडे घरचे सोबत येणारे, रस्ता बरा, थोडे पैसे गाठीशी. तिचं बाळ जगलं ते योजनेमुळे की या बाकीच्या गोष्टींमुळे, हे वेगळं काढणं अवघड असतं. आणि टळलेल्या मृत्यूंची संख्याच वादात असेल, तर ‘दर जीवामागे अमुक रुपये’ या भागाकाराला फारसा अर्थ राहत नाही.

मग दवाखान्यात पोहोचल्यावर काय होतं? उत्तर प्रदेशातल्या १२० दवाखान्यांत एक मोठा प्रयोग झाला. सुरक्षित बाळंतपणाची एक यादी कर्मचाऱ्यांना दिली, ती पाळली जावी म्हणून प्रशिक्षकही पाठवले. दीड लाखाहून जास्त बाळंतपणं नोंदवली गेली. २०१७ मध्ये निकाल आला. हात धुणं, वेळेवर इंजेक्शन देणं अशा सवयी सुधारल्या होत्या. आई आणि बाळांचे मृत्यू व गंभीर गुंतागुंत मात्र दोन्ही गटांत जवळपास सारखीच होती, १५.१ आणि १५.३ टक्के. यादी स्वस्त असते. रक्त, शस्त्रक्रियागृह आणि रात्री दोन वाजता हजर असणारा डॉक्टर स्वस्त नसतो.

स्वस्त उपायांची हद्द कुठे संपते?

याचं सर्वांत स्पष्ट उत्तर २०१० मध्ये ‘प्लॉस मेडिसिन’मध्ये आलेल्या, खास भारतावरच्या एका अभ्यासात सापडतं. मातामृत्यू कमी करायचे तर पैसे कशावर आणि कोणत्या क्रमाने खर्च करावेत, हे त्यात संगणकीय प्रारूपावर तपासलं होतं.

पहिली पायरी निघाली कुटुंब नियोजनाची. ज्यांना दोन मुलांत अंतर हवंय किंवा आणखी मूल नकोय, पण साधन मिळत नाही, त्यांची गरज भागवली तर पाच वर्षांत दीड लाखाहून अधिक मातामृत्यू टळतील. वर एक अब्ज डॉलरपेक्षा जास्त पैसे वाचतील. म्हणजे हा उपाय नुसता स्वस्त नाही, तर खर्चच कमी करणारा.

पण त्याच अभ्यासात पुढे इशारा होता. कुटुंब नियोजन आणि अशा सोप्या उपायांनी मातामृत्यू २३ ते ३५ टक्के कमी होतात आणि मग घट थांबते. त्यापुढे जायचं तर प्रशिक्षित दाई किंवा नर्स, वेळेवर वाहन आणि तातडीची प्रसूती सेवा लागतेच. टप्प्याटप्प्याने हे सगळं उभं केलं, तर पाचपैकी चार मातामृत्यू टळू शकतात. आणि तेही आयुष्याच्या दर वर्षामागे ५०० डॉलरच्या आत.

त्यामुळे ‘गावातली प्राथमिक सेवा की शहरातलं रुग्णालय’ हा वाद बाळंतपणाच्या बाबतीत फसवा आहे. रक्तस्राव सुरू झालेल्या बाईसाठी उपकेंद्र, रुग्णवाहिका आणि ग्रामीण रुग्णालय ही एकाच साखळीची कडी आहेत. एक कडी तुटली की बाकीच्यांवर झालेला खर्चही वाया जातो, आणि ते कुठल्याही एका कडीच्या हिशेबात दिसत नाही.

सिझेरियनचंच बघा. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात देशातल्या खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाली, सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के. एकूण लोकसंख्येत हे प्रमाण १० टक्क्यांच्या वर गेल्यावर मृत्यू आणखी कमी झाल्याचं दिसत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. महाराष्ट्रात ते २५.४ टक्के आहे. आडलेल्या बाईसाठी हीच शस्त्रक्रिया जगातल्या सर्वांत किफायतशीर शस्त्रक्रियांपैकी एक असते. गरज नसताना केली, तर बिल वाढतं आणि पुढच्या बाळंतपणाचा धोकाही.

उरलेला खर्च कुणाच्या खिशातून?

बहुतेक अभ्यास सरकारचा किंवा संस्थेचा खर्च मोजतात. कुटुंबाचा खर्च प्रत्येक वेळी त्यात येतोच असं नाही.

सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण पूर्ण मोफत, असं जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने जून २०११ मध्येच जाहीर केलं. औषधं, तपासण्या, जेवण, रक्त, येण्याजाण्याचं वाहन, सगळं मोफत. तरी २०१९-२१ च्या सर्वेक्षणात सरकारी दवाखान्यातल्या बाळंतपणावर कुटुंबाच्या खिशातून सरासरी २,९१६ रुपये गेल्याचं दिसलं. बुडालेली मजुरी यात नाही. एखादी सेवा सरकारला स्वस्त पडते, त्याचं एक कारण असंही असू शकतं की उरलेला भार दुसऱ्याच कुणीतरी उचलला आहे.

दुसरं नाव आशा सेविकेचं. सहा गृहभेटींचे २५० रुपये, म्हणजे एका भेटीचे ४२ रुपयेही नाहीत. २०११ मध्ये ठरलेला हा दर दहा वर्षं उलटून गेल्यावरही तोच होता. महाराष्ट्रात २०२४-२५ साठी रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. म्हणजे सव्वा महिन्यात सहा वेळा एका बाळाच्या घरी जाण्याचा मोबदला रोहयोच्या एका दिवसाच्या मजुरीपेक्षा कमी. आशा ‘स्वयंसेविका’ आहे, कर्मचारी नाही, या एका शब्दावर हा दर उभा आहे.

तिला नीट पैसे दिले तर ही सेवा किफायतशीर राहणार नाही का? हिशेब करून बघता येतो. समजा, सहा भेटींसाठी रोहयोच्या दराने तीन दिवसांची मजुरी दिली. ती होते ८९१ रुपये. देशाच्या सरासरीनुसार ८० बाळांमागे एक जीव वाचतो असं धरलं, तर एका जीवाला सुमारे ७१ हजार रुपये. आयुष्याच्या दर वर्षामागे अडीच हजार. आता सावधगिरी म्हणून धरू की आशाच्या भेटींचा परिणाम गडचिरोलीच्या एकचतुर्थांशच आहे. तरीही दर वर्षामागे दहा हजार रुपये. महाराष्ट्राच्या कमी मृत्युदरावर तोच हिशेब केला तर १९ हजारांच्या आत. यात प्रशिक्षण, देखरेख आणि औषधांचा खर्च धरलेला नाही. तो घालून आकडा दुप्पट झाला तरी चाळीस हजारांच्या आतच राहतो.

या आकड्याची तुलना कशाशी करायची? आरोग्य तंत्रज्ञानाचं मूल्यमापन करणारी सरकारी यंत्रणा भारतात २०१७ पासून आहे. निरोगी आयुष्याच्या एका वर्षासाठी देशाच्या दरडोई उत्पन्नाइतका खर्च होत असेल तर तो किफायतशीर, असा निकष ती ढोबळमानाने वापरते. आज ती रक्कम दोन लाख रुपयांच्या आसपास आहे. म्हणजे आशाला मजुरी देऊनही ही सेवा त्या रेषेच्या कितीतरी खाली राहते.

मग पैसे का मिळत नाहीत? कारण किफायतशीर असणं आणि तरतूद असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये सरकारचा, केंद्र आणि राज्यं मिळून, आरोग्यावरचा खर्च माणशी ३,१६९ रुपये होता. सकल देशांतर्गत उत्पादनाच्या १.८४ टक्के. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत २.५ टक्के गाठायचं आणि त्यातला दोन तृतीयांश किंवा अधिक वाटा प्राथमिक सेवेला द्यायचं ठरवलं होतं. माणशी तीन हजारांत दोन लाखांच्या निकषात बसणारी प्रत्येक गोष्ट घेता येत नाही. त्यामुळे अनेक अर्थतज्ज्ञ ही दरडोई उत्पन्नाची रेषाच फार सैल आहे म्हणतात. त्यांचं म्हणणं मान्य करून रेषा निम्म्यावर आणली, तरी गृहभेटी तिच्या आतच राहतात.

वाढीव मानधनासाठी महाराष्ट्रातल्या आशा सेविकांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये काम बंद केलं. पुढे मुंबईत आझाद मैदानावर ठिय्या दिला. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२३ पासून दरमहा ५,००० रुपयांची वाढ मंजूर केली. ही वाढ कुठल्या एका कामाच्या भेटीनुसार नाही, महिन्याच्या मानधनात आहे. यापुढे महाराष्ट्रातल्या गृहभेटींचा खर्च काढणाऱ्या संशोधकांना ती हिशेबात धरावी लागेल, आणि दर जीवामागचा जुना आकडा त्यामुळे वर जाईल.